दोन विती, दोन बोटं कमी

२ मार्च

भिंतीवरचं चित्र आज मीच वाकडं केलं. आंधळ्यालाही दिसेल इतकं. हे समोर बसून चहा प्यायले, चित्राकडे चांगलं बघितलं आणि म्हणाले, "छान आहे."

छान! उभा जन्म सुतारकीत गेला ह्यांचा. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी दार उघडझाप करून बघणार, मग "ही बिजागरी कुणी बसवली?" म्हणून घरमालकाचं तोंड उतरवणार. आणि आज वाकड्या चित्राखाली हसत बसलेत. आठ दिवस मनात पाल चुकचुकत होती, ती खरीच म्हणायची. लेकीला फोन लावला.

५ मार्च

स्कॅनमध्ये डाग. कपाळामागे – गेल्या वर्षी गाठ होती आणि किरणं दिली, बरोबर तिथेच. गाठ परत आली की दुसरंच काही, ते आणखी एक तपासणी केल्यावर कळेल म्हणे.

लेक गाडी चालवत होती. हे मागे बसून रस्ता बघत होते. सिग्नलला मला म्हणाले, "तू दमलीस गं." हे वाक्य ह्या तोंडातून! आधी घाबरले, मग बरं वाटलं, मग बरं वाटलं म्हणून आणखी घाबरले.

६ मार्च

काही नाही. वाट बघणं.

९ मार्च

गाठ नाही! गाठ नाही!! तिसऱ्यांदा लिहिते – गाठ नाही!!!

डॉक्टरीणबाईंनी कागदावर वर्तुळ काढून समजावलं. "गाठ जाळताना शेजारचं थोडं भाजलं गेलं. किरणांनी होतं असं कधी कधी, वर्षभरानेसुद्धा. तो भाग मेलाय आणि त्याच्याभोवती सूज आलीये." मग मेलेलं परत येईल का? "नाही येत. पण सुजेखाली दबलेलं पुष्कळसं मोकळं होऊ शकतं." पुष्कळसं म्हणजे किती? त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते आत्ता नाही सांगता येणार."

म्हणजे नवरा आहे; किती परत मिळेल ते बघायचं. चालेल! काल ह्याच्या निम्म्यावरही मी सही केली असती.

१६ मार्च

सुजेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून चेहरा भोपळ्यासारखा गोल झालाय आणि भूक – विचारू नका. काल एक अख्खा पाव एकट्याने. शिवाय दर दोन आठवड्यांनी दवाखान्यात सलाईनमधून औषध. आज पहिलं झालं. आधी रक्तदाब, लघवी, सगळं तपासतात. नर्स कडक आहे. तिच्यापुढे हे ब्र काढत नाहीत. तसे हल्ली कुणापुढेच काढत नाहीत म्हणा.

"पुढाकार जातो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्वतःहून काही करावंसं वाटत नाही. दुःखी नसतात, नुसते बसून राहतात."

दुःखी तर नाहीतच. अळणी सूप दिलं – "छान." करपलेलं दिलं – "छान." एकतीस वर्षं ज्यांच्या नाकाच्या शेंड्यावर राग, त्यांचं हे! लेक म्हणते, "आई, बाबा किती गोड झालेत!" मी तिला रागावले. पण खोटं कशाला लिहू? झालेत खरे.

२४ मार्च

नवीन खूळ. मी खोलीत गेले की पलंगावर शेजारी थोपटतात – "बस जरा." हातातलं काम टाकून मी बसते. सवयच लागली. दुपारी कामावरून, सकाळपासून उभं राहून इस्त्र्या करून आले की कधी एकदा ते "बस जरा" ऐकते असं होतं.

पलंग ह्यांनीच केलेला, म्हणजे ह्यांच्या उंचीचा. ओटाही ह्यांच्या उंचीचा. मी बुटकी! पलंगावर पाय लोंबकळतात, ओट्याशी फळीवर चढून उभी राहते. सुताराशी लग्न करून घरात माझ्या मापाचं एक लाकूड नाही. पूर्वी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "उंची वाढव."

तर मी बसले की माझ्या पायावर वीत घालतात. गुडघ्याखालून सुरू – एक, दोन, मग दोन बोटं मागे. थांबतात. पुन्हा वरून. उद्या परत तेच. गुदगुल्या होतात, पण मी पाय काढून घेत नाही.

३० मार्च

दुसरं सलाईन टळलं, रक्तदाब वर गेला म्हणून. मला तर रडूच आलं तिथे. नर्स म्हणाली, "अहो मावशी, चार दिवस पुढे गेलं, एवढंच." मग पाणी आणून दिलं. दिसते तेवढी कडक नाही.

त्या विती घालण्याचं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. "हातांची जुनी सवय असते. त्यामागे हेतू नसतो. घाबरू नका." मी घाबरले नव्हतेच. पण 'हेतू नसतो' हे का कोण जाणे, लागलं.

१९ एप्रिल

चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हे काय पाणी पाजतेस?"

देवा! पाणी पाजतेस म्हणाले!! मी मुद्दाम आणखी पाणचट करून आणला. तोही परत पाठवला. लेकीला सांगितलं तर ती फोनवर किंचाळली.

३ मे

चित्र गेले दोन महिने वाकडंच होतं. मी हात लावला नव्हता, तोच माझा स्कॅन. आज हे आंघोळीला जाताना थांबले नाहीत, बघितलं नाही, नुसत्या अंगठ्याने कोपरा वर सारला आणि गेले. सरळ! मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर टॉवेल धरून पोटभर रडले.

१२ मे

खरा स्कॅनही चांगला. सूज निम्म्याहून कमी. आणखी काही सलाईनं घ्यायची, गोळ्या हळूहळू बंद. डॉक्टरीणबाई हसल्या. ह्यांनी त्यांच्या टेबलाचा खण ओढून पाहिला आणि "अडकतोय" म्हणून सांगितलं. लाजेने मेले मी.

१७ मे

सगळं पूर्ववत. दार जोरात लावू नकोस, सुरी जागेवर ठेव, सूप अळणी आहे – पट्टा सुरू झाला की थांबत नाही. सकाळी दीर येऊन ह्यांना वर्कशॉपमध्ये घेऊन जातात. यंत्राला हात लावायचा नाही, रंधा-करवत चालेल, अशी अट आहे. संध्याकाळी भुशाने माखून, कुरकुरत घरी. शेजारी म्हणतात, "दृष्ट काढा त्यांची, किती सुधारले!" खरंच सुधारले. मी सुखी आहे, ह्यात तिळभर खोटं नाही.

फक्त "बस जरा" बंद झालं. काल उगाच खोलीत जाऊन उभी राहिले. वर बघून म्हणाले, "काय हवंय?" काही नाही म्हटलं.

कुणाला सांगायची सोय नाही. तो दुसरा माणूस आजाराचाच होता. सूज उतरली तसा तोही गेला. त्याची आठवण येते मला. नवरा बरा झाला म्हणून कुणी असं खंतावतं का? वेडीच आहे मी.

२९ मे

कामावरून आले तर ओट्याशी स्टूल. उंच, खाली पाय टेकायला आडवी पट्टी. माझी फळी कोपऱ्यात उभी केलेली.

"बघतेस काय? बस."

बसले. पट्टी बरोबर पायाखाली आली. "पण माझं माप कधी घेतलंत?"

"रोज तर घेत होतो," म्हणाले. "डोक्यात राहत नव्हतं, म्हणून परत परत."