मिशीवाल्या पापलेटाबद्दल ताईला

ती. सौ. विमलाताईस,

मिरकरवाड्याहून धाकटा भाऊ भागोजी याचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? पालीला पाऊस बरा आहे ना? (उत्तर देऊ नकोस. मी रागावलोय, रीत म्हणून विचारलं.) फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

तुझ्या शाळेतल्या वाचनातून तू माझं नाव काढलंस. सख्ख्या भावाचं! तेही ग्रुपवर, छप्पन्न माणसांसमोर, ‘वाचनात अडथळा आणल्यामुळे’ असं लिहून. अगं, पावसाळ्यात मासेमारी बंद, बाप लोक घरी बसलेत, तर त्यांनी दर शनिवारी शाळेत येऊन आपापल्या मुलग्यांबरोबर वाचावं ही कल्पना तुझीच ना? मी येतच नव्हतो. घरी येऊन, दोन वेळा चहा पिऊन, वर माझ्याकडचं कोळंबीचं लोणचं घेऊन तूच मला भरीस घातलंस.

आणि वाचायला दिलंस काय, तर घर हरवलेल्या पापलेटाची गोष्ट. पहिल्याच पानावर पापलेटाला मिशा! ताई, मिशा शिंगाळ्याला असतात. आपण मच्छीमाराच्या घरात जन्मलो (निदान मी तरी, तुझ्याबद्दल आता शंका येते). दुसऱ्या पानावर अख्खी बोट ज्याच्या हुकमावर चालते तो तांडेलच जाळं पाण्यात सोडून घोरतोय. माझ्या बोटीवर असता तर त्याला पोहत घरी पाठवला असता. एवढंच मी पोरांना सांगितलं. मग बाबल्याच्या बापाने हे पापलेट नव्हेच, हलवा मासा आहे असा वाद काढला, त्याला मी काय करू? तुमचे ते गुरुप्रसाद सर, बँकेतून निवृत्त होऊन स्वयंसेवक झालेले, मला समजावतात की ही कल्पना आहे, पुढे वाचा. बँकेत असताना कुणी सहीला अशा मिशा काढल्या असत्या तर यांना चालल्या असत्या का?

म्हणून तिसऱ्या शनिवारी मी खरं पापलेट आणि खरा शिंगाळा बर्फात घालून वर्गात नेला. (बंदीत ते मिळवायला कुणाकुणाच्या पाया पडलो ते विचारू नकोस.) अठ्ठावीस पोरं बाकं सोडून भोवती जमली. मांजर आलं ते खिडकीतून, आणि खिडकी उघडली सरांनी, वास येतो म्हणून. शिंगाळा तोंडात धरून ते पुस्तकांच्या कपाटावर चढलं, सर त्याला उतरवायला स्टुलावर चढले, आणि खाली मात्र एकटे सरच आले. यात माझा दोष कुठे?

तीन शनिवारांत चारच पानं झाली, असंही तू लिहिलंस. झाली ना?

तुझा (अजून तरी) भाऊ,
भागोजी

ता. क. सरांना विशेष लागलेलं नाही. मी स्वतः जाऊन बघून आलो.

ता. क. दुसरा. त्या पापलेटाला शेवटी घर मिळतं का? मला कुणी सांगत नाही.

ता. क. तिसरा. वर्षाचे दहा महिने मी दर्यावर. घरात पाऊल टाकलं की माझाच पोरगा ऋत्विक आईला सांगतो, “ते आयले.” त्या बाकावर मात्र दर ओळीला कोपराने ढोसून विचारायचा, “बाबा, ह्या खरा हाय काय?” गेल्या शनिवारी त्याला दुसऱ्याच्या बापाशेजारी बसवलं, तर त्याने पुस्तक उघडलंच नाही. बोटी सुटायला दोनच शनिवार राहिलेत, ताई. माझं नाव परत घाल. गप्प बसून वाचीन असं लिहिणार होतो, पण तो विचारणार आणि मी सांगणार.