घर कोणाला, ते कुलूप ठरवील

मी, कुंदाबाई अभिमन बैसाणे, वय चौपन्न, राहणार पिंपळनेर, तालुका साक्री, जिल्हा धुळे, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. मला कंपवात आहे. थरथरतो तो हात. डोकं जागेवर आहे, तसा धुळ्याच्या डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. कोणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. शाळा चौथीपर्यंत. ओळ संपेस्तोवर अक्षर मुंगीएवढं होतं, तेही दुखण्यामुळेच. भिंग लावा, पण वाचा.

१. दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. लग्नाकार्यात चुलीवरच्या खापरावर पुरणाचे मांडे करून मी ते घेतलं. माझे मालक अभिमन वारले, त्यांचा त्यात खिळाही नाही. मुलगा प्रशील आणि सून वृषाली माझ्याजवळ राहतात.

२. गोळी जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्यासोबत, असं डॉक्टर वृषालीसमोर बोलले. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेलाभर दूध. "आई, रिकाम्या पोटी गोळी गरम पडते." मायेने देते, नाही म्हणत नाही. पण दुधासोबत माझी गोळी लागू पडत नाही. मग उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात, अंग पुढे जातं. तशीच फेब्रुवारीत तोंडावर पडले, दोन दात गेले. दोष गोळीला नाही, मला नाही, दुधाला.

तेव्हापासून दोघं कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतात. प्रशील म्हणे, "माय, पुन्हा पडली तर लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "मग लोकांना कोंड ना."

खाटेपासून दारापर्यंत मी खडूने रेघा मारल्या होत्या. समोर रेघ दिसली की पाऊल उचलतं, सपाट फरशीवर उचलत नाही. पाहुणे येणार म्हणून वृषालीने त्या पुसल्या. पाहुणे चहा पिऊन गेले. मी चार दिवस खाटेवर.

३. म्हणून घराचं असं. मी मरेन त्या दिवशी दाराला बाहेरून कुलूप असलं, तर घर माझी मुलगी प्रज्ञा, राहणार दीपनगर, हिचं. कुलूप नसलं, तर प्रशीलचं. दार उघडं असताना मी गल्लीत पडून मेले तरी घर प्रशीलचंच, आणि त्याला किंवा वृषालीला कोणी बोल लावायचा नाही. ते पडणं माझं. आतून कडी मी लावीन, ती माझी मर्जी.

मेल्यावर वाचून मला काय उपयोग? एक नक्कल आजच प्रशीलच्या ताटाखाली ठेवते.

४. खापर आणि परात प्रज्ञाला. शोभेला भिंतीवर टांगायची नाहीत, चुलीवर चढवायची. पोस्टातले पैसे दोघा भावंडांना सारखे.

५. जाऊ रत्ना साक्रीच्या लग्नात पंगतीसमोर बोलली, "कुंदाचा मांडा आता हातातच फाटतो." खरं होतं. पण पंगतीसमोर? तिला माझी काठी देते. वय तिचंही होतंय.

सकाळी अकराची गोळी मी एकटीने पाण्यासोबत घेतली. आता साडेअकरा. हात ऐकतो आहे, तोवर सही करते.

सही: कुंदाबाई अभिमन बैसाणे
ठिकाण: पिंपळनेर, राहत्या घरी
तारीख: १२ नोव्हेंबर २०२५

साक्षीदारांचं म्हणणं: आम्ही शेजारी. आम्हाला या कागदातून काही मिळायचं नाही. कुंदाबाईने आमच्या देखत, पूर्ण शुद्धीत, उभ्याने सही केली. किल्ली प्रशीलकडे असल्याने आम्हाला आत जाता आलं नाही. द्रौपदाबाई खिडकीशी उभी राहून म्हणाली, "कुंदा, कागद गजातून दे, मी शे ना आठे." कागद गजांतून बाहेर आला. आम्ही भिंतीवर टेकवून सह्या केल्या. कुंदाबाई आतच आहे.

१. द्रौपदाबाई वना अहिरे (डाव्या हाताचा अंगठा)
२. जीवन पुना बागुल (सही)