शेवटचा तुकडा

वणी, १२ जानेवारी २००७

संघर्ष बाबू, ताईचा जय भीम.

तू नागपूरहून आणलेलं बर्फाच्या डोंगराचं पझल मी या महिन्यात पुरं केलं. आपल्या घरची रीत तुले आठवत असन. शेवटचा तुकडा जोडणाऱ्यानं लावायचा नाही. दारावरून जाणाऱ्याले बोलवायचं, त्याच्या हातानं लावायचा, मंग त्याले चहा पाजायचा. बाबा तर कापसाच्या गाडीवाल्यालेही थांबवत.

पण कापसाची जिनिंग गिरणी बंद पडली, तू सुरतले गेला, अन् आपली सारी चाळ खाली झाली. तुकडा बशीत ठेवून मी आठ दिवस दारात बसली. काल मीटर वाचणारा आला. त्यानं तुकडा लावला, चहा घेतला अन् म्हणाला, "ताई, मागच्या महिन्यातही हेच चित्र होतं ना?"

मी म्हटलं, "नाही, ते दुसरं होतं."

फोनवर मी तुले सांगते का घरी माणसाईची ये-जा असते, म्हणून हे पत्र ट्रंकेतच राहणार. तो गेल्यावर मी सारं चित्र मोडलं. माह्यानं ते तीन आठवड्यांत जोडून होते, अन् तो येते महिन्यानं. या खेपेले हळूहळू जोडीन.

तुह्यी वाट पाहणारी,
दीपाताई