कुंदाकाकींच्या विटा

पेण, मंगळवार, १९ नोव्हेंबर १९९६

जेवावंसंच वाटत नाहीये. कुंदाकाकींच्या त्या विटा डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आज भाऊकाकांबरोबर प्रचाराला गेले होते. त्यांच्यासारखे माजी खासदार आपल्या पेणचे नगराध्यक्ष होणार म्हणून मी किती एक्सायटेड! कुंदाकाकींच्या गणपती कारखान्यात सगळ्या मूर्ती विटांवर ठेवलेल्या. रेल्वेखालची मोरी लहान, त्यामुळे पावसात गटाराचं पाणी आत शिरतं.

मी लगेच सुरू. "काकी, मोरी रेल्वेची, म्हणजे दिल्लीची. नगरपालिकेला तिथे हात लावता येत नाही. पण भाऊकाकांना दिल्लीतले सगळे ऑफिसर ओळखतात!"

काकींचा ब्रश थांबला नाही. "व्हय गो. मग खासदार होते तवा का नाय केली?"

मी भाऊकाकांकडे बघितलं. भाऊकाका हसले आणि नमस्कार करून निघालेच.

जीपमध्ये मी त्यांना विचारलं. म्हणाले, "अगं, तेव्हा ही गल्ली मला ठाऊकच नव्हती. कुणाला भेटायचं ते माहीत होतं, कशासाठी ते नव्हतं. आज कळलं."

पटलं मला. अजूनही पटतंय. मग हे काकींना का नाही सांगितलं? लाज वाटली? की मलाच गुंडाळलं?

उद्या चौकसभेत भाऊकाकांची ओळख मी करून देणार. काकी समोर असणार, आणि मी काय, दिल्लीचा अनुभव सांगू? त्या विटा बघून आल्यावर?

नाही. आत्ताच भाऊकाकांकडे जाते. सकाळी आधी काकींकडे चला, मला सांगितलंत ते त्यांना सांगा, म्हणेन, नाहीतर माईक दुसऱ्या कुणाला द्या. आई ओरडेल. ओरडू दे.