ताईंची काचपट्टी

मंगळवार, ४ मार्च

ताईंना कॅन्सर. गर्भाशयाच्या मुखाचा. पसरलाय.

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. भांडी विसळत होते, नळ तसाच चालू राहिला. थोरल्या नणंद, पण माझ्याशी धाकट्या बहिणीशी बोलावं तसं बोलतात. म्हणाल्या, "अगं भिंगवाली, तू एवढी त्यातली, मग मला कसं गं झालं हे?"

काय सांगू? मला माहीत होतं. आठ वर्षं माहीत होतं!

बुधवार, ५ मार्च

लिहूनच टाकते.

आमच्या लॅबचा नियम आहे — घरच्या माणसाची स्लाइड आपण बघायची नाही, शेजारच्या टेबलावर सरकवायची. ताईंची मी सरकवली नाही. ताईंना मीच मागे लागून तपासणीला नेलं होतं, मिरवायचं होतं ना! मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि लगेच त्या पेशी दिसल्या. केंद्रक सुरकुतलेलं, भोवती रिकामं पांढरं वलय. एचपीव्ही. शिकाऊ मुलीनंही ओळखलं असतं.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. मला आधी कोण आठवलं? ताईंचे यजमान. आता घरात काय तमाशा होईल! हा संसर्ग कित्येक वर्षं जुनाही असू शकतो, कुणावर बोट दाखवता येत नाही — हे मी जगाला समजावते. घरच्यांपुढे मात्र तोंडाला कुलूप. शिवाय बहुतेकींचा तो दीड-दोन वर्षांत आपसूक जातो. ताईंचाही जाईल, म्हटलं. 'नॉर्मल' लिहिलं. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन सांगूनही आले — एकदम छान आहे, ताई!

शनिवार, ८ मार्च

नाही गेला.

काहींच्या शरीरात तो मुक्कामच ठोकतो. आपली जनुकं पेशीच्या जनुकांत घुसवतो. पेशीत दोन प्रथिनं असतात, काही बिघडलं की 'थांब, वाढू नकोस' म्हणणारी. त्या दोघांना निकामी करतो. मग पेशी वाढतच सुटते. नव्या मुलींना मी हे फळ्यावर चित्र काढून शिकवते! शेवटी दर वेळी सांगते, याला वर्षं लागतात, तोवर पकडलं तर तेवढाच भाग काढून बाई बरी होते.

तेवढी वर्षं होती हातात. मी खाल्ली.

सोमवार, १० मार्च

लॅबच्या तळघरातल्या कपाटातून ताईंची ती स्लाइड काढली. काचेवर निळा ठिपका! संशयास्पद पेशीपाशी पेनानं देतात तो. मी दिलेला नव्हता.

रजिस्टर उघडलं. नॉर्मल ठरलेल्यांपैकी काही स्लाइड लॅबचे प्रमुख, आमचे मोठे सर, पुन्हा बघायचे. त्यांचंच अक्षर — 'पुन्हा तपासणीस बोलवावे. पत्र पाठवले.' मला एका शब्दानं बोलले नाहीत. आता निवृत्त होऊनही पाच वर्षं झाली.

सुटले! म्हणजे माझ्यामुळे नाही. पत्र पोचलं नसेल, पोस्टानं घोळ घातला असेल. लाज वाटते लिहायला, पण आज पोटभर जेवले.

मंगळवार, ११ मार्च

"आज चेहरा बरा दिसतोय तुझा," हे म्हणाले.

गुरुवार, १३ मार्च

ताईंना सगळं सांगितलं. पत्राचंही विचारलं. त्या म्हणाल्या, "आलं होतं की. दोनदा आलं. मीच फाडलं. म्हटलं, घरच्या माणसानं डोळ्यांनी बघून सांगितलंय, या पत्र पाठवणाऱ्यांना काय जास्त कळतंय?"