डॉसन साहेबांची पोथी

नागपूर, विजयादशमी, दुपार

तीर्थस्वरूप महादेवराव भावजी यांचे सेवेशी शालिकरामचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? यमुताईचा खोकला? (उत्तराची घाई नाही. माझाच जीव टांगणीला लागला आहे, तेव्हा आधी माझं ऐका.)

कपाशी पाहायला आलेले अमेरिकन डॉसन साहेब आमच्याकडे उतरले होते. उद्या एकादशीला संध्याकाळी आपल्या तिकडून, मुंबईहून, त्यांची बोट सुटते. ती चुकली तर मुलीचं लग्न बापाशिवाय लागणार. पासपोर्टाला साहेब फार जपत. त्यांच्या अख्ख्या गावात तो त्यांच्या एकट्याकडेच. बाकीचे म्हणे, आपलाच देश फिरून संपत नाही, दुसरा कशाला बघायचा? (आपले चंपतकाका कामठीपुढे गेले नाहीत, ते तरी वेगळं काय सांगतात!) रोज सकाळी साहेब तो उघडून बघत, छातीशी धरत, मग खिशात ठेवत. प्रयागआत्यानं हे पाहिलं होतं. काल सरस्वतीपूजेत पोथ्या मांडताना तिनं मेजावरचा पासपोर्टही उचलला आणि सगळ्यांसारखाच लाल फडक्यात बांधून टाकला.

टांगा दारात, मेलची वेळ झालेली आणि पासपोर्ट पूजेत! मी हात घालायला गेलो तर आत्या आडवी. "थे त्याची पोथी हाय ना गा! इसर्जनाआंधी हात नाई लावाचा!" समजावून समजावून मला घाम फुटला. शेवटी ती फुलं तोडायला परसात गेली तसं मी एक लाल पुडकं ओढलं, साहेबांच्या कोटात कोंबलं आणि त्यांना गाडीत बसवलं. ते गाठ सोडू लागले, तर पूजेतलं आहे म्हणून मीच सोडू दिली नाही.

आज विसर्जन झालं. आत्याची स्तोत्रांची पोथी गायब आणि पासपोर्ट जागच्या जागी! आत्या रडायला लागली, पण पोथीसाठी नाही. "पोरीच्या लग्नाले कसा पोचन गा आता तो?" म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

आपला नम्र,
शालिकराम

ता. क. सोबतच्या पुडक्यात पासपोर्ट आहे. शेजारचे वामनराव आजच्या मेलनं निघताहेत, ते आपल्या हाती देतील. कृपा करून तसेच बंदरावर धावा (गुडघ्याचं विचारलं ते यासाठीच). साहेबांच्या कोटातून लाल फडकं डोकावत असेल. पोथी परत आणा.

आणखी एक. आत्यानं पासपोर्टातल्या फोटोलाही कपाळभर कुंकू लावलं आहे. पुसायला गेलो तर आणखीच पसरलं. ती म्हणते, दूरदेशी जाणाऱ्याचं कपाळ रिकामं नसावं. तेव्हा यमुताईला करंडा घेऊन सोबत न्या आणि बोटीवर चढण्याआधी साहेबांना तेवढंच कुंकू लावा. माणूस फोटोशी जुळला पाहिजे.