ले-ऑफ नव्हे, ले-अप

सेक्टर ६, भिलाई
(जि. दुर्ग, म. प्र.)
११ नोव्हेंबर १९८६

आदरणीय साडभाऊ दयारामजी यांस,
केवलरामचा मनापासून नमस्कार.

कैलासवासी धोंडबाजींच्या समस्त जावयांनो (म्हणजे तुम्ही आणि मी; सभा लहान असली तरी तक्रार मोठी आहे), आपण एकाच घरच्या दोन बहिणींशी लग्न केलं आणि पंचवीस वर्षांपासून एकच वाक्य ऐकत आहोत, की तुमाले कुठं थांबा लागते ते समजतच नाही. तुम्ही तास संपल्याची घंटा झाल्यावरही शिकवत राहता आणि मी शिफ्टचा भोंगा झाल्यावरही प्लँटच्या गेटवर बोलत राहतो, एवढाच आपला गुन्हा. असो. तुमचा गुडघा कसा आहे? सिंधुताईंचा खोकला गेला का? इकडे कौसल्येची प्रकृती उत्तम आहे, हे ती सध्या माझ्या खुर्चीमागे उभी राहून हे पत्र वाचते आहे त्यावरून दिसतंच.

तुमसरच्या स्थळाकडच्या मंडळींना या महिनाअखेर होकार किंवा नकार कळवायचा आहे असं तुम्ही लिहिलंत. तुमची विजया दोन वर्षांपासून आमच्याकडे राहून प्लँटच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी करते आहे, आणि तुमसरबद्दल तिला तुम्हाला काही सांगायचं आहे. ते तिनं मला लिहायला सांगितलं. कौसल्येनं अट घातली की मुद्द्यावर तिसऱ्या पानाआधी यायचं नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या मोठ्या मुलीच्या, ताराच्या, लग्नाच्या बैठकीत आमगावच्या ओसरीवर पाहुणे नुकते टेकले होते, आत चहाला उकळी येत होती, आणि मी हुंड्याच्या प्रथेवर बोलायला उभा राहिलो. (भाषण चांगलं झालं होतं. रोमच्या गुलामांपासून सुरुवात करून मी पाऊण तासात भंडारा जिल्ह्यापर्यंत पोचलो होतो.) पाहुणे चहा न घेताच उठले. ताराचं पुढं चांगल्या घरी झालं, पण त्या दिवसापासून या कुटुंबात मला बैठकीला बोलावत नाहीत. तेव्हा मी मुद्द्यापासून लांब उभा राहून आधी एका खेळाविषयी लिहितो.

मरोद्याच्या तलावाजवळ जो उताराचा माळ आहे, तिथं दर रविवारी सकाळी प्लँटची तरणी मंडळी एक नवीन खेळ खेळतात. रोलिंग मिलमध्ये ओमप्रकाश नावाचा ज्युनिअर इंजिनिअर आहे, त्याच्या हॉस्टेलमधल्या दोस्ताच्या भावानं अमेरिकेहून प्लॅस्टिकच्या तीन चकत्या पाठवल्या. एकेक चकती जेवणाच्या ताटलीएवढी, काठाला जरा जाड, आणि फेकली की घारीसारखी तरंगत जाणारी. माळावर सहा लोखंडी खांब रोवलेत. प्रत्येक खांबाला एक टोपली, आणि टोपलीच्या वर सायकलच्या जुन्या चेना लोंबकळत सोडलेल्या, म्हणजे चकती चेनांवर आदळून खाली टोपलीत पडते. लांबून फेकत फेकत टोपलीपाशी जायचं, आणि सर्वांत कमी फेकींत सहाही टोपल्या ज्यानं केल्या तो जिंकला. सांगायला सोपं आहे. खरी परीक्षा तीस-चाळीस पावलांवर येते. तिथून सरळ टोपलीवर नेम धरायचा, की चकती हळूच टोपलीजवळ नेऊन ठेवायची आणि पुढच्या फेकीत आरामात टाकायची? नेम चुकला तर चकती काठावर उभी राहून उतारानं गडगडत सुटते, आणि उताराच्या शेवटी तलाव आहे. (तीनपैकी दोन चकत्या आता तलावात आहेत. दोन्ही माझ्या.)

माझं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं, की टोपली दिसली की टाकायचं. माणसानं समोर ध्येय दिसत असताना त्याच्या शेजारी वस्तू ठेवून यावी, हे मी जेवढा इतिहास वाचला त्यात कोणत्याही क्रांतीत झालेलं नाही. त्यात विजयानं मला लांबून ओरडून सांगितलं, "मावसाजी, इथून ले-अप करा." मला ऐकू आलं ले-ऑफ. आता मला सांगा, दयारामजी, ज्या माणसानं वीस वर्षं गेटवर उभं राहून कामगारांच्या ले-ऑफविरुद्ध घसा फोडला, त्याला त्याच्याच घरात राहणारी पोरगी भर माळावर ले-ऑफ करा म्हणते. मी चकती खाली ठेवली आणि बोलायला लागलो. भट्टी मालकाची असेल, पण पोट कामगाराचं आहे, घरी बसवायचं तर आधी मला बसवा, असं मी बरंच बोललो. दोन जणांनी टाळ्या वाजवल्या, बाकीचे गवतावर बसले, एकानं डबा उघडला. शेवटी ओमप्रकाश जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मावसाजी, ले-ऑफ नाही, ले-अप. कोनाले घरी नाही बसवून राहिलो आमी. चकती जवळ ठेवा लागते, बस." (पोरगा पाटणकडच्या छत्तीसगढी शेतकऱ्याचा आहे, घरी छत्तीसगढी बोलतो, पण मराठी आपल्यासारखीच बोलतो. कुठं शिकला ते तिसऱ्या पानावर.) मी म्हटलं, मग हे आधी कावून नाही सांगितलं? तर विजया म्हणाली, "तुमी श्वास घेतला असता तं सांगितलं असतं."

त्या दिवशी त्यानं मला खेळाचा नियम समजावला. म्हणाला, पहिले टोपलीकडे पाहू नका, टोपलीच्या मागं पाहा. नेम चुकला तर चकती कुठं जाऊन पडेल ते बघा. मागं चढ असेल, गवत असेल तर खुशाल टाका. मागं तलाव असेल आणि वारा तोंडावर असेल तर जवळ ठेवा. दयारामजी, हा साधा विचार मला पन्नासाव्या वर्षी कोणीतरी सांगितला. ताराच्या बैठकीत मी टोपलीकडेच पाहत होतो, मागं तुमचं घर होतं ते मला दिसलंच नाही. तेव्हा मी तुमची माफी मागितली नव्हती. ती आज या ओळीत मागतो.

पण या पोराचा दोषही सांगतो, कारण मी एकतर्फी बोलणारा नाही. तो नेहमीच जवळ ठेवतो. मागं गवत असलं तरी ठेवतो, वारा पडलेला असला तरी ठेवतो. विजया एकदा चिडून कौसल्येला म्हणाली, "मावशी, हा मानूस दोन वर्षांपासून ले-अपच करून राहिला." (मला वाटलं, खेळाबद्दल बोलते आहे. कौसल्या माझ्याकडे बघून नुसती हसली आणि भाकरी उलटली.)

परवाच्या रविवारी मरोदा विरुद्ध सेक्टर सहा असा जोडीचा सामना होता. चकती एकच उरलेली, म्हणून आधी एका जोडीनं खेळायचं आणि मग दुसरीनं, जोडीतल्या दोघांनी आळीपाळीनं फेकायची. सेक्टर सहाकडून मी आणि ओमप्रकाश. शेवटच्या टोपलीवर मरोद्याची जोडी खेळ संपवून बसली होती. माझ्या फेकीनंतर आमची चकती टोपलीपासून चाळीस पावलांवर पडली. आता पाळी त्याची. एका फेकीत टोपलीत गेली तर आम्ही जिंकलो. जवळ ठेवली तर पुढच्या फेकीत मी टाकून बरोबरी. नेम चुकला तर मागं उतार, खाली तलाव, आणि भिलाईतली ती शेवटची चकती. त्यानं टोपली पाहिली. टोपलीच्या मागं पाहिलं. मग निंबाखाली उभ्या असलेल्या विजयाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मावसाजी, काय करू?" वीस वर्षं मी हजारो माणसांना काय करायचं ते सांगितलं, पण तिथं मी तलावातल्या माझ्या दोन चकत्या आठवत उभा राहिलो. तेव्हा तो चकतीकडे बघत म्हणाला, "अन् चुकलं तं तिच्या बाबूजीले कोन सांगन?"

मला ऐकू कमी येतं, समजायला उशीर लागतो, पण भाकरी उलटताना कौसल्या कावून हसली ते त्या क्षणी समजलं. मी म्हटलं, "मी सांगन. तू टाक."

त्यानं टाकली. चाळीस पावलं चकती अशी सरळ गेली की मरोद्याची जोडी उभी राहिली. चेनांवर आदळली, गरकन फिरली, बाहेर पडली, काठावर उभी राहिली आणि उतारानं सुटली. पार पाण्याच्या काठाशी बेशरमाच्या झुडपात जाऊन अडकली. आम्ही हरलो. ओमप्रकाश गुडघाभर चिखलात उतरून चकती घेऊन वर आला, पँट खराब, तोंडभर हसू. विजया म्हणाली, "फेकली बाप्पा एकदाची," आणि त्याच्या हातातली चकती तिनं स्वतःच्या ओढणीनं पुसली. ओढणी पांढरी होती.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा.

आपला,
केवलराम

ता. क. तिसरं पान लागलं. मी शब्द दिला होता म्हणून सांगतो. विजयाला तुमसरला जायचं नाही, तिला ओमप्रकाशशी लग्न करायचं आहे. जात वेगळी, भाषा वेगळी, पण त्यानं मराठी तिच्याकडूनच शिकली आहे. लिहिण्याआधी मी त्याच्या नियमाप्रमाणे टोपलीच्या मागं पाहिलं. तिथं तलाव नव्हता, तुम्ही होतात. ताराचे पाहुणे निघून गेल्यावर तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत, फक्त म्हणालात, "केवलरामजी, चहा तरी येऊ द्यायचा होता." म्हणून इतक्या लांबून टाकतो आहे.

ता. क. २. कौसल्येनं पत्र पूर्ण वाचलं. ती मला म्हणते, पोराचं नाव पहिल्याच पानावर आलं, बापाचं गाव, नोकरी, सगळं दुसऱ्या पानाच्या आत, त्यामुळे तिसऱ्या पानावर सांगायला तुम्ही ठेवलं काय. मी याला ले-अपच समजत होतो.

ता. क. ३. तुमसरला अजून उत्तर टाकू नका. रविवारी, २३ तारखेला, सिंधुताईंना घेऊन सकाळच्या पॅसेंजरनं दुर्गला उतरा. ओमप्रकाश स्कूटर घेऊन स्टेशनवर उभा राहील, मी रिक्षा घेऊन येतो. या वेळी चहा आधी येईल. तो संपेपर्यंत मी बोलणार नाही. तुम्ही फक्त या.